पंधरा शब्द आणि एक लाल ठिपका

सर्टिफिकेटवर सही करून झाली होती. शिक्का मारायचा तेवढा राहिला होता. पॅडची शाई वाळली होती म्हणून मी खणात दुसरं पॅड शोधत होते, तेवढ्यात समोर बसलेली सुजाता आनंदाने बोलून गेली, "मॅडम, तुमची यादी आता आमच्या चिऊला पण पाठ हाय."

"कुठली यादी?"

"तीच. पडवी, कंदील, चुना, विहीर, मोर..." तिने एका दमात पंधराच्या पंधरा शब्द म्हणून दाखवले. क्रमसुद्धा चुकला नाही. शेजारी तिचा नवरा दिनेश मान खाली घालून बसला होता. खणातला हात खणातच राहिला.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. नवीन पनवेलला खांदा कॉलनीत, एका पिठाच्या गिरणीच्या वर आमचं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. औषधं मी देत नाही. ते काम शेजारच्या खोलीतल्या डॉ. मुकादमांचं, त्या सायकियाट्रिस्ट आहेत. माझं काम मोजण्याचं. डोक्याला मार लागलेले, स्ट्रोक येऊन गेलेले, नशा सोडलेले लोक माझ्याकडे येतात आणि त्यांचं लक्ष, आठवण, निर्णय किती जागेवर आहेत ते मी चाचण्या घेऊन बघते. रिपोर्ट लिहिते. सव्वीस वर्षं हेच करते आहे, त्यामुळे आपण चुकू शकतो हे मी तोंडाने म्हणायचे, पण मनातून फारसं मानत नव्हते.

दिनेश हे त्याचं खरं नाव नाही. वय चौतीस, गाव उरणकडचं. द्रोणागिरीला कंटेनर यार्डात तो रीच स्टॅकर चालवायचा. रीच स्टॅकर म्हणजे पुढे लांब हात असलेलं अवाढव्य मशीन. ते भरलेला कंटेनर वरून पकडतं, उचलतं आणि एकावर एक रचतं. कंटेनर हवेत असताना खाली माणसं वावरत असतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

यार्डात जहाजांची गर्दी झाली की डबल शिफ्ट लागायची. एका ट्रेलरवाल्याने त्याला झोप उडवायला एमडी दिलं. एमडी म्हणजे मेफेड्रोन, पांढरी पूड. मुंबईपासून आमच्यापर्यंत सगळीकडे हेच नाव चालतं. सुरुवातीला ती डबल शिफ्टपुरती होती. मग साध्या शिफ्टला. मग सुट्टीच्या दिवशीही. पावणेदोन वर्षांनी एका सकाळी त्याने रिकामा कंटेनर ऑफिसच्या पत्र्यावर टेकवला. कुणाला लागलं नाही, हे नशीब. कंपनीने त्याला काढला नाही, सहा महिन्यांची बिनपगारी रजा दिली आणि सांगितलं, बरा होऊन फिटनेस सर्टिफिकेट आण, नाहीतर नाव कमी होईल.

त्या दिवशी गुरुवार होता. रजा शनिवारी संपत होती.

आता त्या यादीबद्दल. आठवण तपासायची एक जुनी पद्धत आहे. पंधरा साधे शब्द वाचून दाखवायचे, माणसाने आठवतील तेवढे सांगायचे. पुन्हा वाचायचे, पुन्हा सांगायचे. मग मध्ये दुसरं काम देऊन अर्ध्या तासाने विचारायचं. दिनेशची ही चाचणी मी दर महिन्याला घेत होते. पहिल्या महिन्यात त्याला पाच शब्द आठवले होते. मग आठ, मग बारा, आणि त्या गुरुवारी पंधरा. मी खूश झाले होते. रिपोर्टमध्ये 'लक्षणीय सुधारणा' असं लिहिलंही होतं.

खरं तर दर वेळी वेगळी यादी वापरायची असते. हे मी विद्यार्थ्यांना शिकवलं आहे. पण इंग्रजीत आयत्या याद्या मिळतात तशा मराठीत माझ्याकडे नव्हत्या. एक मी स्वतः बसवली होती. दुसरी 'या सुट्टीत करू' म्हणत अकरा वर्षं राहिली होती. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बहुतेक पेशंट एकदा येतात, फार तर दोनदा, त्यामुळे चालून जात होतं. दर महिन्याला येणारा, आणि नोकरीसाठी जीव टांगणीला लागलेला, हा पहिलाच.

त्यांनी काय केलं होतं ते सुजाताने अगदी अभिमानाने सांगितलं. पहिल्या वेळी घरी जाताना बाइकवर त्याने तिला आठवतील ते शब्द सांगितले. तिने घरी पोचल्यावर वहीत लिहिले. दुसऱ्या वेळी आणखी. तिसऱ्या वेळी यादी पुरी झाली. मग रोज जेवताना ती विचारायची, तो सांगायचा, नऊ वर्षांची मुलगी, चिऊ, चुका काढायची. यात काही लबाडी आहे हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. परीक्षा आहे तर अभ्यास करायला नको का? घरची तिन्ही माणसं राबत होती आणि मी त्यांची मेहनत त्याच्या मेंदूच्या नावावर जमा करून बसले होते.

मी त्यांना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं आणि फाइल पुन्हा उघडली. एक आकडा चांगला दिसला की बाकीचे आपोआप चांगले दिसायला लागतात. आता तो आकडा बाजूला काढून मी उरलेले वाचले. त्यात कॉम्प्युटरवरची एक चाचणी होती. स्क्रीनवर हिरवा ठिपका आला की बटण दाबायचं, लाल आला की हात आवरायचा. बटण दाबण्याचा त्याचा वेग सुधारला होता आणि मी त्याच्याखाली रेघ मारली होती. लाल ठिपक्याचा रकाना मी नीट बघितलाच नव्हता. दर तिसऱ्या लाल ठिपक्याला त्याचं बोट पडत होतं. पहिल्या महिन्यात पडत होतं तितकंच.

म्हणजे पाच महिन्यांनंतर हा माणूस जास्त चपळ झाला होता, आणि थांबायला अजून तितकाच असमर्थ होता. आणि मी त्याला 'हेवी मशीन चालवण्यास योग्य' असं लिहून दिलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

दोघांना आत बोलावलं, कागद त्यांच्यासमोर फाडला आणि चूक माझी आहे हे आधी सांगितलं. दिनेश फक्त "बरं" म्हणाला. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. चिडली सुजाता.

"पाच महिने लघवी साफ येते मॅडम. दर आठवड्याला. आजून काय पायजे तुमाला?"

प्रश्न बरोबर होता. घरोघरी हाच विचारतात. मी सांगायला सुरुवात केली. लघवीची तपासणी सांगते की शरीरात पूड नाही. मेंदूचं काय झालं ते ती सांगत नाही. मेंदूत डोपामीन नावाचं रसायन असतं. लोक त्याला आनंदाचं रसायन म्हणतात, पण त्याचं मोठं काम वेगळं आहे. 'हे महत्त्वाचं आहे, हे पुन्हा कर' असं ते मेंदूला सांगतं. भूक लागल्यावर जेवण दिसलं, पोर पळत आलं, की ते थोडंथोडं सुटतं. एमडीसारखी नशा ते एकदम लोटून देते. रोज असा लोट आला की मेंदू स्वतःला वाचवायला ते पकडणारी टोकं कमी करतो. मग नशा थांबते, पण टोकं कमीच राहतात. साध्या गोष्टींचा इशारा पोचतच नाही. शिवाय कपाळामागचा भाग, जो आपल्याला वेळेवर 'थांब' म्हणतो, तोही ढिला पडलेला असतो. झोप आधी सुधारते. आठवण काही महिन्यांत बरीच परत येते. हा ब्रेक आणि ही गोडी सगळ्यात शेवटी. वर्ष लागतं, कधी दीड, आणि काहींची पूर्ण येत नाही. एमडीवरचा अभ्यास अजून थोडा आहे. त्याच्या जातीच्या जुन्या नशांवरून आम्ही हे सांगतो.

सुजाता ऐकत होती, पण पालथ्या घड्यावर पाणी पडत होतं. मध्येच दिनेश बोलला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं पूर्ण वाक्य.

"खारं पाणी शेतात घुसल्यासारखं हाय."

मी म्हटलं, म्हणजे कसं?

"आमच्या आज्याचं शेत खाडीला लागून होतं. उधाणाला बांध फुटला का पाणी भातात शिरायचं. ओहोटीला निघून पण जायचं. बघणाऱ्याला वाटायचं, झालं, गेलं पाणी. पण मीठ जमिनीतच असायचं. दोन-तीन पावसाळे जायचे, तवा कुठं भात यायचा."

सुजाता त्याच्याकडे बघत राहिली. तिचं माहेरही तिकडचंच. तिला आता काही सांगायची गरज नव्हती. मी सव्वीस वर्षं शोधत असलेली तुलना मला पेशंटकडून मिळाली. फक्त एक दुरुस्ती मी तिथेच केली: जमीन पडीक ठेवली तरी पाऊस आपलं काम करतो, मेंदू पडीक ठेवून बरा होत नाही. त्याला झोप, माणसं आणि रोजचं काम लागतं. आणि तिथेच तर घोडं पेंड खात होतं. मी सही केली नाही तर त्याचं कामच जाणार होतं.

शुक्रवारी सकाळी मी दिनेशला घेऊन यार्डात गेले. ऑपरेशन्स मॅनेजर साठे म्हणून होते. माणूस सभ्य, टेबल स्वच्छ, वेळ कमी. फॉर्म पुढे सरकवून ते म्हणाले, "फिट की अनफिट, मॅडम? दोनच चौकोन आहेत."

"मशीनसाठी अनफिट. कामासाठी फिट."

"तसा चौकोन नाही."

"मग मी समासात लिहिते."

ते हसले नाहीत. काल त्यांच्या एचआरला मीच फोनवर 'रिपोर्ट चांगला आहे' असं कळवलं होतं. एका दिवसात काय बदललं, असं त्यांनी विचारलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण मी सगळं सांगितलं. यादी, पाठांतर, लाल ठिपका. चाचणी माझी चुकली, माणूस नाही, असं म्हटलं. साठ्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही गप्प राहिला असता तर मला कळलंही नसतं."

"कळलं असतं. पण कंटेनर खाली आल्यावर."

मग मी तेही बोलले जे बोलायचं नाही असं ठरवून आले होते: पूड त्याने गावात नाही, इथल्या डबल शिफ्टला सुरू केली. मला वाटलं, आता दार दाखवतील. साठे म्हणाले, "माहीत आहे." एवढंच. आणि मागच्या गेटवर, येणाऱ्या कंटेनरचा नंबर आणि सील तपासायच्या जागेवर, त्याला घ्यायचं कबूल केलं. डबल शिफ्ट नाही, दर आठवड्याला लघवीची तपासणी, मशीनच्या बाजूला जायचं नाही. मशीनचा विचार माझ्या पुढच्या रिपोर्टनंतर.

गेटकडे चालत जाताना वाटेत तीन नंबरचा स्टॅकर उभा होता. दिनेशचाच जुना. इंजिन चालू होतं, डिझेलचा वास येत होता. दिनेशचं चालणं तसंच राहिलं, पण तो तळहात पँटला पुसायला लागला. मी विचारलं, काय होतंय?

"तोंडाला पाणी सुटलं मॅडम. पाच महिन्यांत पयल्यांदा."

केबिनमध्ये बसून तो पूड घ्यायचा. मेंदूने वास, आवाज आणि ती सीट हे सगळं एकत्र बांधून ठेवलं होतं. आपल्याला वाटतं इच्छा मनात असते. पुष्कळदा ती जागेत असते. यार्डात आणण्याआधी मी याचा विचार करायला हवा होता. ही त्या आठवड्यातली माझी दुसरी चूक.

पुढचे महिने सांगण्यासारखे नाहीत, आणि तेच सांगायला हवं. तो गेटवर जायचा, यायचा, जेवायचा, झोपायचा. नशा सुटल्यापासूनच्या आठव्या महिन्यात सुजाता एकटीच आली. म्हणाली, हे परत घेतात का बघा. काय झालं विचारलं तर म्हणाली, काहीच नाही, तेच तर. रविवारी पोरीला कर्नाळ्याला पक्षी दाखवायला नेलं. पोरगी उड्या मारत होती आणि हा दगडावर बसून होता. पुढच्या भेटीत दिनेशने मला तेच त्याच्या शब्दांत सांगितलं: पोरीला पक्षी दिसतात, मला नुसती झाडं दिसतात. लघवी साफ होती. तो पुन्हा घेत नव्हता. मीठ उतरलं नव्हतं.

मी डॉ. मुकादमांना विचारलं, काही देता येईल का. त्यांनी झोपेचं औषध आधीच बंद करत आणलं होतं, डिप्रेशन आहे का तेही तपासलं होतं. "याला लवकर बरं करणारी गोळी माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "कॅलेंडर लिहून देता आलं असतं तर दिलं असतं."

नवव्या महिन्यात तो अपॉइंटमेंट नसताना आला. गिरणी बंद होती, जिन्यात शांतता होती. उभ्यानेच बोलला. घरी वाद झाला होता, तसाच बाहेर पडला आणि पूड देणाऱ्याला फोन लावला. नंबर मोबाइलमधून कधीच काढून टाकलेला होता. बोटांनी तोंडपाठ लावला.

"मग?"

"बंद लागला. मी थांबलो नाय मॅडम. नंबर बंद होता म्हणून वाचलो."

इतकं प्रामाणिक वाक्य माझ्या खुर्चीसमोर फार कमी वेळा बोललं गेलं आहे. मी त्याला शाबासकी दिली नाही. तो इथवर चालत आला होता, ते पुरेसं होतं. मला मात्र त्या रात्री लाल ठिपक्याचा रकाना आठवत राहिला. त्या गुरुवारी पॅडमध्ये शाई असती तर तो नवव्या महिन्यात केबिनमध्ये बसलेला असता.

बाराव्या महिन्यानंतर कधीतरी सुजाताने एक बारीकशी गोष्ट सांगितली. पुन्हा कर्नाळ्याला गेले होते. एक निळा पक्षी दिसला. मुलीला नाव येईना, तर हा उठून गार्डला विचारायला गेला. कुणी सांगितलं नव्हतं. त्यात काय एवढं, असं ती स्वतःच म्हणाली आणि मग डोळे पुसायला लागली. मला माझ्या सगळ्या चाचण्यांपेक्षा तो गार्ड जास्त उपयोगाचा वाटला.

चौदाव्या महिन्यात मी त्याला पुन्हा तपासलं. तोवर मी तीन नव्या याद्या बसवल्या होत्या, एका सुट्टीत. इतक्या वर्षांचं काम नऊ दिवसांत झालं. नव्या यादीतले त्याला अकरा शब्द आठवले. पंधरा नाहीत. पण हे अकरा त्याचे होते, आणि त्याच्या वयाला ते चांगले होते. मग ठिपके. हिरव्याला तो पूर्वीपेक्षा किंचित हळू झाला होता. लाल ठिपका आला की बोट उचललं जायचं, हवेत थांबायचं आणि परत मांडीवर यायचं. सगळ्या चाचणीत दोनदा चुकला. मी मधला पडदा ओढून घेतला, कारण मला रडू आलं होतं आणि पेशंटसमोर ते बरं दिसत नाही.

त्या वेळी शिक्का उमटला. साठ्यांनी त्याला सात नंबरचा स्टॅकर दिला. तीनवर बसवायचं नाही हे समासात माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

दोन महिन्यांनी दोघं पुन्हा आली. यार्डात गर्दी झाली होती, सुपरवायझरने डबल शिफ्ट मागितली होती, दिनेश नाही म्हणाला होता. सुपरवायझर रागावला. हा घरी जाऊन जेवला आणि झोपला. हे त्याने हजेरी दिल्यासारखं सांगितलं.

निघताना मला उगाच वाटलं म्हणून मी विचारलं, जुनी यादी आठवते का?

"पडवी, कंदील, चुना..." तो थांबला. "विहीर. पुढचं गेलं." सुजाताला मात्र सगळी येत होती. मला बरं वाटलं. नको ते टाकून देणं हेही चांगल्या मेंदूचं लक्षण आहे, आणि मी तसं म्हटलं.

दिनेश दारात वळला.

"यादी गेली मॅडम. पूडवाल्याचा नंबर पाठ हाय."

मी खुर्चीत परत बसले, त्याचं सर्टिफिकेट मागून घेतलं आणि शिक्क्याखाली पुढच्या तपासणीची तारीख लिहिली. तेव्हापासून 'फिट' हा शब्द मी कुणालाच तारखेशिवाय लिहून देत नाही.